आप्पांचा गिळलेला र

आमच्या शाळेत इंग्रजीचा तास म्हणजे र गिळण्याचा तास असायचा. शिकवायला आप्पा, म्हणजे माझे वडीलच. फळ्यावर मोटारीचं चित्र, खाली तीन अक्षरं आणि तिसऱ्या अक्षरावर आप्पांची छडी. "कार नाही. काऽ. र लिहायचा, म्हणायचा नाही." मग चाळीस पोरं एका सुरात "काऽऽ" करायची आणि बाहेरच्या पिंपळावरचे कावळे उत्तर द्यायचे. कावळ्यांचं थोडं वाढवून सांगतोय. "काऽ"चं नाही.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, साल १९८४-८५. आप्पांनी तोवर एकही इंग्रज पाहिलेला नव्हता. महाबळेश्वरच्या बाजारात एकदा एका गोऱ्या गृहस्थाशी ते पाच मिनिटं अगदी तोलूनमापून बोलले होते, पण तो डच निघाला. त्यांचं सगळं इंग्रजी दोन गोष्टींवर उभं होतं. एक, रात्री खरखरत, सरकत लागणारं बीबीसी. दुसरी, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेला डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश. जोन्स लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवायचे आणि १९१७ साली त्यांनी हा कोश काढला. त्यात शब्दांचे अर्थ नाहीत, नुसते उच्चार. आईला याचं फार नवल. "हे अर्थ नसलेला कोश पैसे देऊन घेऊन आले," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

वर्गात शेजारच्या वाडीवरून चालत येणारा एक मुलगा होता. त्याचा र मोठा ठसठशीत. 'फार्मर'मध्ये दोन र असतात आणि तो दोन्ही वाजवायचा, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरासारखे. आप्पा म्हणायचे, "अरे, दगड फोडतोयस का?" वर्ग हसायचा, मीही हसायचो. महिन्या-दोन महिन्यांत त्याने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडणंच बंद केलं. बाकीच्या तासांना तो छान बोलायचा.

आता गंमत अशी, की त्या वर्गात इंग्रजीचा जुना वारसा सांगायची वेळ आली असती तर तो आप्पांना नाही, त्या मुलाला मिळाला असता.

हे मला पुष्कळ उशिरा कळलं. १६०७ साली इंग्रज व्हर्जिनियात उतरले, १६२० साली मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यांच्या इंग्रजीत र शाबूत होता. इंग्लंडातही होता. तो घशात जायला लागला तो नंतर, लंडन आणि आसपास, आणि अठरावं शतक संपेपर्यंत ही गोष्ट कोशकारांनाही नोंदवावी लागली. जॉन वॉकर म्हणून एक होते, आधी रंगभूमीवरचे नट, मग उच्चार शिकवणारे मास्तर. १७९१च्या आपल्या कोशात त्यांनी लिहून ठेवलंय की लंडनमध्ये 'कार्ड', 'बार्ड' अशा शब्दांतला र इतका आत घशात म्हणतात की तो लांबवलेला आ-च वाटतो. म्हणजे आप्पांचं "काऽ". अमेरिका तोवर स्वतंत्रही झाली होती. बॉस्टन, न्यूयॉर्क, दक्षिणेतली बंदरं, जिथे लंडनशी येणंजाणं होतं तिथे ही नवी रीत पोचली. आत, शेतकऱ्यांच्या मुलखात, जुना र तसाच राहिला. स्कॉटलंडात राहिला, आयर्लंडात राहिला, खुद्द इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातही बराच काळ टिकला. दगड फोडणारे सगळीकडे होते.

मी आप्पांना हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "म्हणजे र गिळणं ही फॅशन?" मी म्हटलं, हो, पेशवाईच्या अखेरीची. १८१७ साली पुणं साहेबाच्या हातात गेलं, तेव्हा तिकडे मोठ्या घरांत ही रीत रुळत होती. आप्पा पुन्हा गप्प. मग एकदम, "तो वाडीवरचा कुठे असतो रे आता?"

"कोल्हापूरला. ट्रक आहेत त्याचे."

"इंग्रजी बोलतो?"

काय सांगणार?

फॅशन तरी किती लहरी असावी! न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात र न म्हणणं खानदानी समजत. अध्यक्ष रूझवेल्ट यांचं १९३३चं पहिलं भाषण ध्वनिमुद्रित आहे. भीतीशिवाय भिण्यासारखं काही नाही, असं त्यात ते म्हणतात, आणि त्या 'फिअर'मधला र शोधून सापडत नाही. दुसरं महायुद्ध झालं आणि वारं फिरलं. १९६२ साली विल्यम लबोव्ह नावाचा एक अभ्यासक न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत शिरला. एक अगदी महागडं, सॅक्स. एक मधलं, मेसीज. एक स्वस्तातलं, एस. क्लाइन. चौथ्या मजल्यावर जी वस्तू मिळते तिचं नाव घेऊन तो विक्रेत्यांना विचारायचा, ती कुठे मिळेल? उत्तर एकच येणार, 'फोर्थ फ्लोअर'. त्या दोन शब्दांत दोन र. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं, म्हणजे माणूस दुसऱ्यांदा जरा सांभाळून बोलतो. अशी २६४ माणसांची उत्तरं त्याने आडोशाला जाऊन टिपून घेतली. सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांच्या तोंडी र आला, मेसीजमध्ये ५१ टक्के, आणि क्लाइनमध्ये जेमतेम २०च्या घरात. गिऱ्हाईक जितकं श्रीमंत तितका विक्रेत्याचा र खणखणीत. त्याच काळात लंडनमध्ये हाच र उच्चारला असता तर दुकानदाराने विचारलं असतं, गावाकडून कधी आलात?

मला हा प्रयोग फार आवडतो. आमच्या वर्गातही हेच चाललं होतं, फक्त दुकानाऐवजी शाळा आणि चौथ्या मजल्याऐवजी मोटार.

आप्पांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. जोन्स यांनी कोशातल्या बोलीला सुरुवातीला नाव दिलं होतं ते पब्लिक स्कूलचे उच्चार असं. तिकडच्या पब्लिक स्कूल म्हणजे अगदी खाजगी, बड्यांच्या मुलांच्या वसतिशाळा. ही अमुक लोकांची बोली आहे, असं कोशकर्ता स्वतः प्रामाणिकपणे म्हणत होता. पण पुस्तक बोटीतून उतरून अप्पा बळवंत चौकात येईपर्यंत ते 'अमुक लोकांची' गळून पडलं आणि 'बरोबर' एवढंच उरलं. आप्पांची त्यात काय चूक? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी पुढे संगणकाच्या धंद्यात गेलो आणि कंपनीने मला दोन वर्षं लीड्सला पाठवलं. आप्पांना केवढा आनंद! खुद्द इंग्लंड! पहिल्याच आठवड्यात मी फोन केला, "आप्पा, इथे बाथला बॅथ म्हणतात. अमेरिकेसारखं." तर म्हणाले, "तू नक्की कोणत्या लोकांत राहतोयस?" पुढच्या आठवड्यात मी सांगितलं की इथे बसला 'बुस' म्हणतात. त्यावर त्यांनी विषयच बदलला. उत्तर इंग्लंडात 'बाथ', 'क्लास', 'ग्लास' या शब्दांतला आ आखूडच राहिला, अमेरिकेत राहिला तसा. लांबवला तो दक्षिणेने. आणि वॉकर मास्तरांना तोही पसंत नव्हता. 'ग्लास', 'फास्ट'मधला लांब आ त्यांच्या कानाला गावंढळ लागायचा. शंभर वर्षांत तोच राजवाड्यातला उच्चार झाला.

लीड्सच्या थंडीत, बसथांब्यावर, मला आमच्या मराठीची एक गंमत सुचली. आपण इंग्रजी शब्द घेताना कोणता 'अ' कुठे ठेवला ते बघा. बॅट, बॅग, मॅच, टॅक्सी, बँक, या सगळ्यांवर चंद्र. पण क्लास, ग्लास, पास, लास्ट, चान्स, ॲडव्हान्स, डान्स, यांना सरळ आ. इंग्रजी लिपीत दोन्हींकडे अक्षर तेच. मग हा भेद आपण केला कसा? कानाने. दक्षिण इंग्लंडची रेघ जिथे पडते तिथेच, जवळजवळ केसाच्या अंतराने, मराठीची पडते. 'ब्रँच' आणि 'सॅम्पल' असे काही निसटले, पण थोडेच. आणि सगळ्यांत मोठा पुरावा आमच्या घरातच होता: मास्तर. गावात कोणी आप्पांना कधी 'मॅस्टर' म्हटलं नाही.

स्वर असे कानाने आले आणि र मात्र डोळ्यांनी आला असावा. छापलेला दिसला की म्हणायचा, कारण आपल्याकडे लिहिलेलं अक्षर मुकं ठेवायची पद्धत नाही. जे शब्द पुस्तकाआधी, निव्वळ ऐकीव आले, त्यांचं वेगळं. 'लॉर्ड'चा आपण 'लाट' केला. लाटसाहेब! त्यात र कुठाय? गिळणाऱ्या साहेबाकडूनच तो शब्द घेतलेला दिसतो. 'ऑर्डर्ली'चा अर्दली मात्र र घेऊन आला. माझा आपला एक तर्क आहे, की तो एखाद्या स्कॉटिश किंवा आयरिश सार्जंटकडून आला असेल. कंपनीच्या फौजेत ही माणसं पुष्कळ. आणि फौजेतच कशाला, मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटलंडचे, त्यांच्यामागून आलेले गव्हर्नर माल्कम स्कॉटलंडचे, मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ स्कॉटलंडचे, मुंबईत शाळा काढणारे पाद्री जॉन विल्सन स्कॉटलंडचे. आपल्याला 'इंग्रज' म्हणून जे भेटले त्यांतले बरेचसे इंग्रज नव्हतेच. आप्पांचा डचवाला घोटाळा तसा जुनाच म्हणायचा.

एक गोष्ट मात्र मी आप्पांना मुद्दाम सांगितली नव्हती. आजीबद्दलची. आजी 'डाक्टर' म्हणायची, 'हाटेल' म्हणायची, 'कालेज' म्हणायची. आप्पा तिला मरेपर्यंत सुधारत होते. "ऑ, आई, ऑ. तोंड गोल कर." मराठीने ऑ हे चिन्ह याच आवाजासाठी वापरात आणलं, आणि तो आवाज लंडनचा. अमेरिकन माणूस तोंड गोल करायचे कष्ट घेत नाही. 'हॉट'ला हाट, 'डॉक्टर'ला सरळ डाक्टर. नऊवारीतली, अंगठाबहाद्दर माझी आजी शिकागोत उतरली असती तर त्या एका स्वरापुरती तरी स्थानिक ठरली असती.

बाकीचे किस्से सगळ्यांना ठाऊक असतात, त्यांत मी फार रमत नाही. शेड्यूल आणि स्केज्यूल. सरकारी कागदात १९३५च्या कायद्यापासून जे 'शेड्यूल्ड' चाललंय ते मंत्रालयात अजून शेड्यूल्डच आहे, आणि हिंजवडीच्या पुलाखाली उतरलं की सगळ्यांच्या मीटिंगा स्केज्यूल होतात. दोघांनीही एकमेकांना हसू नये. फ्रेंचमधून तो शब्द आला तेव्हा ना त्यात श होता ना क, नुसता स होता. ॲल्युमिनियमचंही तेच. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानेच १८१२ साली 'ॲल्युमिनम' हे नाव छापलं आणि त्याच्याच देशबांधवांनी त्यात एक 'इ' घातला. अमेरिकनांनी उलट शेवटी डेव्हीचं ते 'ॲल्युमिनम'च कायम केलं. आमच्या आईने या भांडणात भाग घेतला नाही. तिच्या लेखी ते जर्मलचं पातेलं. टोमॅटोबाबत तर आपण कमालच केली. इंग्रज म्हणतो टमाटो, अमेरिकन म्हणतो टमेटो, आणि मराठी माणसाने दोघांचं ऐकून घेऊन तिसराच उच्चार ठरवला.

२०१६च्या उन्हाळ्यात आईआप्पांना घेऊन मी न्यू जर्सीला गेलो, एडिसनला, ताईकडे. तिची मुलगी तारा तेव्हा सात वर्षांची. दुसऱ्याच दिवशी सगळे बाहेर जेवायला गेलो. आप्पांनी कोट घातला होता. वाढणारी मुलगी आली, आणि आप्पांनी चाळीस वर्षं वर्गात घोटून घेतलेला शब्द त्या देशात पहिल्यांदा वापरला. ट अगदी स्वच्छ, र पूर्ण गिळलेला. "वॉऽट."

मुलगी हसून म्हणाली, "सॉरी?"

"वॉऽट, प्लीज."

तिने मदतीसाठी ताईकडे पाहिलं. ताई काही बोलायच्या आत ताराच म्हणाली, काय म्हणाली ते देवनागरीत नीट लिहिता येत नाही, 'वाडर' म्हणू या. पाच ग्लास आले, बर्फ घालून. आप्पांनी ग्लासाला हात लावला नाही.

घरी आल्यावर ते तसेच कोटात सोफ्यावर बसून राहिले. मला वाटलं, दुखावलेत. तर थोड्या वेळाने हाक आली, "तारा, पुन्हा म्हण बरं तो शब्द." ती म्हणाली. "परत." ती परत म्हणाली. "आता बटर म्हण." आई आतून म्हणाली, "काय म्हणतेय ती, बरर काय?" आप्पांनी डोळे मिटले होते. 'बेटर', 'सिटी', 'पार्टी', 'दॅट इज इट', त्यांनी तिच्याकडून वीसेक शब्द म्हणवून घेतले. 'ॲटम' आणि 'ॲडम' तिने म्हटले ते दोन्ही सारखेच. अणू आणि आदम एकाच मापात. तिला हा खेळ वाटला. मला मात्र ओळखीचं दृश्य दिसत होतं, रात्री अकराला बीबीसीला कान लावून बसलेले आप्पा.

"ड नाहीये तो," शेवटी ते म्हणाले. "तुझ्या आईनेच बरोबर ऐकलं. बघ, जिभेचं टोक वर, दातांमागे, एकदाच झटकन टेकतं आणि खाली येतं. दुसरं काय असतं रे आपल्या र मध्ये? ट लिहितात आणि र म्हणतात हे लोक!"

त्यांचं खरं होतं. दोन स्वरांमध्ये सापडलेला अमेरिकन ट म्हणजे आपला एक ठोक्याचा र, आणि अमेरिकनांचा स्वतःचा र म्हणजे जीभ कुठेच न टेकता मागे गोळा करून काढलेला आवाज. म्हणून तर त्यांचं मराठी ऐकताना र आला की तोंडात गरम बटाटा असल्यासारखं वाटतं. ताराचंही तेच होतं. ती स्वतःचं नाव सांगायची तेव्हा त्यातला र असा काही गोलमटोल व्हायचा, की आई हळहळायची, "पोरीला नावसुद्धा म्हणता येत नाही गं स्वतःचं." ताई चिडायची. त्यावरून दोघींत दोन दिवस अबोला झाला, तो वेगळा विषय.

आप्पांनी त्या सुट्टीत ताराला मराठी वाचायला शिकवायला घेतलं होतं. काना झाला, घर, बस, आई, बाबा झाले, आणि गाडी 'वारा'पाशी अडली. ती वाचायची बरोबर, पण र आला की जीभ मागे जायची. आप्पा जीभ दाखवायचे, बोटाने हवेत ठोका दाखवायचे, "टोक लाव, टोक," आणि ती आणखीच जीभ वळवायची. मी आतून ऐकत होतो आणि मला त्या वाडीवरच्या मुलाची भीती वाटायला लागली होती. आता ही पण तोंड मिटणार. तिचे ओठ घट्ट व्हायला लागले होतेच.

आप्पा थांबले. त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "राहू दे. मला जरा पाणी हवंय. इंग्रजीत माग बघू आईकडे."

"वाडर," तारा ओरडली.

"छान. आता त्याच्यातला शेवटचा र म्हणायचाच नाही. तोंड उघडंच ठेवायचं. आजोबा हॉटेलात म्हणाले ना, तसं."

तिला हॉटेल आठवलं आणि हसू फुटलं. आप्पाही हसले. मग तिने तोंड भरून शब्द घेतला, मधला आवाज तिच्या शाळेतला, शेवट आप्पांच्या उच्चारकोशातला, र अगदी साफ गिळलेला.

"वारा."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तारा आमच्या तोंडांकडे बघत होती, आपण नक्की काय केलं ते तिला कळलं नव्हतं. आप्पांनी तिला तो शब्द आणखी तीनदा म्हणायला लावला, घाई न करता, आणि मग तिचं नाव विचारलं.